तांब्याचा दांडा, कडक भिंत : एक्स्प्लिसिट सॉल्व्हरच्या प्रकल्प नोंदी

२ मार्च

वेगवान आदळआपटीचं गणित करणारा स्वतःचा छोटा एक्स्प्लिसिट सॉल्व्हर (आताच्या स्थितीवरून थेट पुढची काढत छोट्या पायऱ्यांनी जाणारा कोड) लिहायला घेतलाय. तयार पॅकेजं हाताशी आहेत. पण त्यांच्या इनपुट फाइलमध्ये काही आकडे न विचारताच भरलेले असतात: आवरग्लास गुणांक, बल्क व्हिस्कॉसिटी, टाइमस्टेपच्या (एका पायरीच्या काळाच्या) मर्यादेला लावलेला ०.९. ते नेमकं काय करतात हे आतून पाहायचंय.

चाचणीसाठी टेलर बार. जी. आय. टेलर यांनी १९४८मध्ये प्रसिद्ध केलेली कल्पना अशी, की सपाट तोंडाचा धातूचा दांडा कडक लक्ष्यावर आपटायचा आणि उरलेली लांबी मोजून त्या वेगाला धातूची यील्ड स्ट्रेंग्थ (ज्या ताणाला आकार कायमचा बदलू लागतो तो) किती होती ते काढायचं. संगणकवाल्यांनी गणित उलटं फिरवलं: यील्ड घ्या, आकार काढा. बहुतेक जण वापरतात तेच आकडे मीही घेतोय. तांबं, लांबी ३२.४ मिमी, त्रिज्या ३.२ मिमी, वेग सेकंदाला २२७ मीटर, घनता ८९३० किलो प्रति घनमीटर, यंग मॉड्युलस ११७ गिगापास्कल, पॉयसन गुणोत्तर ०.३५, यील्ड ४०० मेगापास्कल, हार्डनिंग मॉड्युलस (यील्डनंतर धातू किती कडक होत जातो ते) १०० मेगापास्कल. ८० मायक्रोसेकंदांत खेळ आटोपतो.

कोडच्या आधी वहीतलं गणित. वस्तुमान ९.३ ग्रॅम, गतिज ऊर्जा २४० ज्यूल. घनता गुणिले वेगाचा वर्ग केला तर ४६० मेगापास्कल येतात, म्हणजे जडत्वाचा रेटा यील्डच्या तोडीचा, किंबहुना थोडा वरच. हा एक आकडा पाहिला की पुढचं चित्र दिसायला लागतं. वेग दहापटीने कमी असता तर हाच रेटा शंभरपटीने घटला असता आणि पायथा किंचित चेपण्यापलीकडे काही झालं नसतं.

५ मार्च

मुख्य लूप उभा राहिला. सेंट्रल डिफरन्स, लम्प्ड मास (सगळं वस्तुमान नोडांवर वाटलेलं). दांड्याचे लहान तुकडे म्हणजे एलिमेंट, त्यांचे कोपरे म्हणजे नोड. एलिमेंटांच्या स्ट्रेसवरून (आतल्या ताणावरून) नोडवरची बलं, बल भागिले वस्तुमान म्हणजे त्वरण, त्वरणावरून अर्ध्या पायरीवरचा वेग, वेगावरून नवी जागा. मोठी मॅट्रिक्स नाही, ती उलटवणं नाही. लिहायला इतकं थोडं लागतं की आपण काहीतरी विसरलोय असंच वाटत राहतं.

याची किंमत टाइमस्टेपमध्ये मोजावी लागते. कुरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी यांनी १९२८मध्ये मांडलेली अट: एका पायरीत तरंगाने एका एलिमेंटापलीकडे जाता कामा नये. या तांब्यात दाबतरंगाचा वेग सेकंदाला सुमारे ४५८५ मीटर येतो. एलिमेंट ०.४ मिमीचा धरला तर पायरी ८.७ गुणिले १० चा उणे ८ वा घात इतक्या सेकंदांची. ही झाली सुरुवातीची. एलिमेंट चेपत जाईल तशी पायरीही आकसणार.

इम्प्लिसिटमध्ये, म्हणजे दर पायरीला सगळी समीकरणं एकत्र सोडवणाऱ्या पद्धतीत, गणित बिघडलं की न्यूटनची आवर्तनं अडतात, अवशेष खाली येत नाही, कोड हात वर करतो. इथे अडायला काही नाहीच. बल आलं, भागलं, पुढे चला. उत्तर प्रत्येक वेळी मिळतं आणि ते चुकीचं असलं तरी चित्र देखणंच येतं. म्हणून ऊर्जेचा जमाखर्च लिहिणारं फंक्शन बाकी सगळ्याच्या आधी बसवलं. जमेला सुरुवातीचे २४० ज्यूल. खर्चाला उरलेली गतिज ऊर्जा, अंतर्गत ऊर्जा, आवरग्लास बलांचं काम, भिंतीचं काम. अंतर्गत काम मोजताना पायरीच्या आधीचं आणि नंतरचं बल यांची सरासरी गुणिले विस्थापन घेतलंय. एकाच टोकाचं बल घेतलं तर हिशेबातच गळती होते आणि मग दोष कोडचा की हिशेबनिसाचा ते कळत नाही.

९ मार्च

आज आपटाआपटी नाही, नुसतं फिरवणं. मोठ्या विकृतीच्या कोडची पहिली परीक्षा हीच असायला हवी असं माझं मत. दांड्याचं ट्युटोरियल धावलं म्हणजे कोड बरोबर, हा समज फार पसरलाय.

एक ठोकळा, त्यात आडव्या दिशेने १०० मेगापास्कलचा ताण भरलेला. नोडना हाताने जागा देऊन त्याला एक पूर्ण फेरी मारायची, १००० पायऱ्यांत. आकार बदलत नाही, म्हणजे स्ट्रेन (आकारातला सापेक्ष बदल) शून्य. स्ट्रेस ठोकळ्याबरोबर वळला पाहिजे आणि फेरी संपल्यावर जसाच्या तसा परत आला पाहिजे.

ठोकळा वळला की विस्थापनाचा ग्रेडियंट (जागेगणिक विस्थापन किती बदलतं ते; स्ट्रेन यावरूनच निघतो) कुठल्या आकारावर काढायचा हा प्रश्न येतो. पायरीच्या शेवटच्या आकारावर काढून पाहिला. मग शुद्ध फिरण्यालाही कोड दोन्ही दिशांना थोडं प्रसरण समजतो: प्रत्येक पायरीला १ वजा कोसाइन इतकं, म्हणजे साधारण दोन लक्षांश. ऐकायला चिल्लर वाटते, पण ही चिल्लर एकाच बाजूला साठत जाते. फेरीअखेर जवळजवळ २ टक्के खोटा स्ट्रेन, आणि तांब्याच्या ताठपणाने गुणलं की पाच गिगापास्कलच्या वर ताण. कुणी ठोकळ्याला ओढलेलं नाही, दाबलेलं नाही.

तोच ग्रेडियंट पायरीच्या बरोबर मधल्या आकारावर काढला की सममित भाग, म्हणजे स्ट्रेन, शून्य येतो. जवळपास शून्य नव्हे; कागदावरही नेमका शून्य.

स्ट्रेस वळवण्याचंही तसंच. सरळ सूत्राने, म्हणजे जुन्या स्ट्रेसला स्पिनने (फिरण्याच्या मापाने) गुणून आणि बेरीज करून, वळवला तर प्रत्येक पायरीत त्याचा फिरणारा भाग केसभर मोठा होतो. फेरीनंतर १०० चे १०४ झाले आणि उभ्या दिशेला, जिथे काहीच नव्हतं तिथे, उणे ४ उगवले. ह्यूज आणि विंगेट यांची १९८० ची पद्धत घेतली: स्पिनवरून आधी खरी ऑर्थोगोनल फिरण-मॅट्रिक्स बनवायची, मग तिने दोन्ही बाजूंनी गुणायचं. फेरी संपली आणि १०० चे १०० परत मिळाले, फरक राहिला तो शेवटच्या दशांश स्थानांत.

१० मार्च

याच धाग्यावर एक छोटी नोंद. याउमान रेटवर (स्पिनवरून स्ट्रेस वळवण्याच्या याच नियमावर) कायम होणारा आरोप असा, की साध्या शिअरमध्ये (थर एकमेकांवरून सरकताना) तो स्ट्रेसला हेलकावे देतो. आरोप खरा आहे. नुसत्या इलॅस्टिक (यील्ड नसलेल्या, मूळ आकारात परतणाऱ्या) नियमाला शिअर स्ट्रेस हा स्ट्रेनच्या साइनप्रमाणे जातो. शिअर π च्या निम्म्यावर पोचला की वाढायचा थांबतो आणि पुढे शिअर वाढत असताना तो उतरू लागतो. मात्र माझ्या तांब्यात यील्ड आधीच गाठली जाते आणि हार्डनिंग आयसोट्रॉपिक (सगळ्या दिशांना सारखं) आहे, त्यामुळे स्ट्रेसला तिथवर जाऊच दिलं जात नाही. कायनेमॅटिक (दिशेवर अवलंबून असणारं) हार्डनिंग घालायची वेळ आली तर हा विषय पुन्हा उघडावा लागेल. तूर्त बंद.

१४ मार्च

दांड्याचा पहिला पूर्ण रन. आठ नोडांचे एलिमेंट, मुद्दाम पूर्ण इंटिग्रेशनने, म्हणजे प्रत्येकात आठ गॉस बिंदू (जिथे स्ट्रेस काढतात त्या जागा). सममितीमुळे पाव दांडाच पुरतो.

पायथा फुलायला हवा तेवढा फुललाच नाही. धातू प्लास्टिक अवस्थेत (यील्डच्या पुढे, कायमच्या विकृतीत) गेला की आकार बदलतो, आकारमान जवळजवळ तेवढंच राहतं. ही अट आठही बिंदूंवर लागते आणि एलिमेंटाकडे ती सांभाळून वळायला तेवढी मोकळीक नसते. मग तो अकडतो. याला व्हॉल्युमेट्रिक लॉकिंग म्हणतात. दाबाचा नकाशा काढला तर शेजारशेजारच्या बिंदूंवर चढ-उतार, बुद्धिबळाच्या पटासारखे. दाब हा वाचता येण्याजोगा राहिलाच नव्हता.

गमतीची गोष्ट ही, की ऊर्जेचा ताळा चोख जमला होता. म्हणजे कोड दिलेलं गणित प्रामाणिकपणे सोडवतोय. दिलेलं गणितच ताठ आहे. हिशेब जमणं ही उत्तर बरोबर असण्याची हमी नाही, पण तो न जमणं ही चूक असल्याची खात्री नक्की आहे.

१६ मार्च

एक बिंदू. आठांऐवजी एकच गॉस बिंदू, एलिमेंटाच्या मध्यावर. लॉकिंग गेलं, स्ट्रेसचं काम आठव्या हिश्श्यावर आलं. आणि तिसऱ्या गोष्टीची वाट पाहत होतो तीही आली.

आठ नोड म्हणजे २४ स्वातंत्र्यं. त्यातली ६ जागेवरून हलण्या-फिरण्याची, ६ एकसमान स्ट्रेनची. उरली १२. या बारा हालचालींत मध्यबिंदूवरचा स्ट्रेन शून्यच असतो, म्हणून त्यांना विरोध करणारं बलही शून्य. एका कोपऱ्याने आत यायचं, शेजारच्याने बाहेर जायचं. मध्यावर बसलेल्याला पत्ताच लागत नाही. दोन एलिमेंट एकमेकांवर असे विस्कटले की वाळूच्या घड्याळासारखा आकार दिसतो, म्हणून आवरग्लास.

उपाय बंद करून रन सोडला. दांड्याच्या मागच्या टोकाला मेश (एलिमेंटांची जाळी) सरळच होती, कारण तिथे फारसं काही घडतच नाही. पायथ्याच्या बाहेरच्या कडेला, जिथे दांड्याचा कोपरा भिंतीवरून बाहेर लोळतो, तिथून नागमोड सुरू झाली आणि आत अक्षाकडे सरकत गेली. जवळून पाहिलं तर एक रांग डावीकडे, एक उजवीकडे, आणि अशा वाकड्या एलिमेंटांच्या मध्यावरचे स्ट्रेस मात्र अगदी साळसूद. कंटूर चित्रात मेशच्या रेषा लपवल्या तर कुणालाही शंका येणार नाही. म्हणून अशा कामात मेशच्या रेषा न दाखवता नुसते रंग दाखवणाऱ्या चित्रांवर माझा भरवसा नाही.

मग फ्लॅनॅगन आणि बेलिच्को यांची १९८१ ची पद्धत बसवली. तिचा गाभा हा की आवरग्लासचा नमुना एकसमान स्ट्रेनच्या क्षेत्राशी आधी लंब करून घ्यायचा. मग विरोधी बल फक्त त्या बारा हालचालींना लागतं, खऱ्या विकृतीला अडवत नाही. नुसता अधिक-उणे नमुना वापरला तर तिरप्या झालेल्या एलिमेंटात तो खऱ्या ताणालाही विरोध करतो, आणि इथे पायथ्याचे एलिमेंट तिरपेच होणार आहेत.

गुणांक किती ठेवायचा याला सिद्धांत नाही, तारतम्य आहे. फार कमी ठेवला तर नागमोड, फार ठेवला तर लॉकिंग मागच्या दाराने परत. आवरग्लास बलांचं काम अंतर्गत ऊर्जेच्या ५ टक्क्यांच्या आत राहावं, असा सर्रास पाळला जाणारा दंडक मीही धरलाय. मात्र तो पूर्ण दांड्यावर लावला तर फसगत होते. भानगड पायथ्याच्या मूठभर एलिमेंटांत असते आणि बेरजेत ती विरून जाते. म्हणून पायथ्याच्या थराचं खातं वेगळं काढलं.

१९ मार्च

आर्टिफिशियल व्हिस्कॉसिटी, म्हणजे सुरुवातीला म्हटलेली बल्क व्हिस्कॉसिटी. पहिल्या क्षणी भिंतीपाशी जो दाब उठतो तो घनता गुणिले बल्क ध्वनिवेग गुणिले आघाताचा वेग, म्हणजे सुमारे ७.७ गिगापास्कल. यील्डच्या एकोणीसपट. कडेकडून सुटकेचे तरंग अक्षापर्यंत पोचेतो, एका मायक्रोसेकंदाच्या आतच, तो ओसरतो. पण तेवढ्या वेळात तीव्र तरंगामागे खोट्या लहरी उठतात. फॉन नॉयमन आणि रिक्टमायर यांनी १९५० मध्ये सुचवलेला वर्गाचा गुणक आणि सोबत एकघाती गुणक घातला, १.५ आणि ०.०६ हे नेहमीचेच आकडे. एलिमेंट दबत असेल तरच लागू, फुगत असेल तर शून्य. लहरी बसल्या. या बलाने खाल्लेली ऊर्जा अंतर्गत खात्यात टाकावीच लागते, आणि टाइमस्टेपही त्यामुळे थोडा घटवावा लागतो.

२३ मार्च

आज टाइमस्टेपची अट मुद्दाम मोडली. ०.९ च्या जागी दीडपट.

इलॅस्टिक दांड्यावर अपेक्षेप्रमाणे काही पायऱ्यांतच आकडे अनंताला गेले. तिथे धोका नाही, कारण स्फोट सगळ्यांना दिसतो. यील्ड चालू करून तोच रन दिला, आणि तो पूर्ण झाला. पायथा फुललेला, मागचा भाग सरळ, कुठे नागमोड नाही.

घडतं ते असं: अस्थिरता सुरू झाली की काही नोड जोरात थरथरू लागतात. थरथरीने स्ट्रेस यील्डला लागतो, धातू मऊ पडतो, तरंगाचा वेग घटतो आणि पायरी परत अटीत बसते. थरथरीची ऊर्जा प्लास्टिक कामात जिरून जाते. बेलिच्को याला रोखली गेलेली अस्थिरता म्हणत. इलॅस्टिक गणितात जी गोष्ट ओरडून सांगते तीच प्लास्टिक गणितात तोंड दाबून बसते. या रनमध्ये पायथ्याला प्लास्टिक स्ट्रेन जरा जास्त होता, एवढंच. कुणी म्हणालं असतं, मेश वेगळी असेल.

जमाखर्च मात्र ऐकेना. जमेला २४० ज्यूल आणि खर्चाची बेरीज ३०० च्या वर. साठ ज्यूल आले कुठून? कुठूनच नाही; ते टाइमस्टेपने छापले. यापुढे तफावत १ टक्क्यावर गेली की रन आपोआप थांबेल आणि ज्या एलिमेंटात ऊर्जा सर्वांत वेगाने वाढतेय त्याचा क्रमांक देईल. अट कोडमध्ये घातली.

२४ मार्च

मेशचे एलिमेंट सुरुवातीला उभट ठेवले, उंची रुंदीच्या दीडपट. चेपल्यावर ते चपटे होणारच, तर निदान उभट जागेवरून सुरुवात करू द्यावी.

२८ मार्च

टाइमस्टेपचा आलेख बघण्यासारखा आहे. पायथ्याच्या मध्यावर प्लास्टिक स्ट्रेन ३ च्या आसपास जातो. तो लॉगरिदमिक आहे, म्हणजे एलिमेंटाची उंची मूळच्या साधारण विसाव्या हिश्श्यावर. पायरीही तितकीच खाली. अक्षावरचे चार-दोन एलिमेंट सगळ्या दांड्याला रांगायला लावतात.

मास स्केलिंगचा मोह इथे होतो: त्या एलिमेंटांचं वस्तुमान वाढवा, तरंग मंदावेल, पायरी मोठी घेता येईल. पायरी पाचपट हवी तर वस्तुमान पंचवीसपट. एलिमेंट मूठभर आहेत आणि भिंतीला टेकून जवळपास थांबलेत, हा युक्तिवाद उभ्या दिशेला बरोबर आहे. आडव्या दिशेला ते अजून बाहेर पसरतायत, आणि पायथ्याची त्रिज्या हेच तर मला मोजायचंय. शिवाय हलत्या नोडवर वस्तुमान टाकलं की फुकटची गतिज ऊर्जा येते. सावकाश चालणाऱ्या पत्र्याच्या फॉर्मिंगमध्ये ही युक्ती चालून जाते, आघातात नको. पावभर दांड्याचे काही हजार एलिमेंट आणि काही हजार पायऱ्या, एवढ्यासाठी संगणकाला घाई नाही.

१ एप्रिल

भिंत. आतापर्यंत तळाच्या नोडचा उभा वेग सरळ शून्य केला होता. आता खरी भिंत आहे: ढकलते, ओढून धरत नाही. घर्षण नाही.

एक तपासणी आपोआप मिळाली. दांड्याचा संवेग २.११ न्यूटन-सेकंद. भिंतीचं बल वेळेवर बेरजेने घेतलं तर दांडा थांबेपर्यंत तेवढंच यायला हवं, आणि उसळी घेतली तर उसळीच्या संवेगाइतकं जास्त. जुळलं. ८० मायक्रोसेकंदांची सरासरी काढली तर बल २६ किलोन्यूटनच्या आसपास, नऊ ग्रॅमच्या तुकड्याचं.

नोड चिकटवलेल्या जुन्या मॉडेलमध्ये शेवटाला दांडा भिंतीवर थरथरत राहतो. एका टोकाला धरलेल्या दांड्याचा आवर्तकाल म्हणजे चार गुणिले लांबी भागिले दांड्यातला तरंगवेग. उरलेल्या लांबीला तो २४ मायक्रोसेकंदांच्या जवळ जातो. अंतिम लांबी याच थरथरीत कुठल्याही क्षणी मोजली तर शेवटचा अंक डळमळतो. एका आवर्तनाची सरासरी घेतो.

४ एप्रिल

अंतिम लांबी २१.४ मिमी, पायथ्याची त्रिज्या ७.१ मिमी, कमाल प्लास्टिक स्ट्रेन ३ च्या किंचित वर. प्रसिद्ध झालेल्या उत्तरांच्या पट्ट्यात बसतं. मेश दुप्पट बारीक केल्यावर लांबी हलली नाही म्हटलं तरी चालेल, त्रिज्या थोडी वाढली, कमाल स्ट्रेन बराच वाढला. लांबी ही सगळ्या दांड्याची सरासरी आहे, म्हणून ती कुठल्याही बऱ्यावाईट कोडमधून ठीकच निघते. लॉकिंगवाल्या रनमध्येही ती फारशी वाईट नव्हती. कोड तपासायचा तर लांबीवर समाधान मानू नये, त्रिज्या बघावी.

८ एप्रिल

जॉन्सन-कुक मॉडेल, १९८३ चं, धातूची ताकद स्ट्रेन, स्ट्रेनचा वेग (रेट) आणि तापमान यांवरून काढणारं. तांब्याचे नेहमीचे गुणांक: ९० आणि २९२ मेगापास्कल, घात ०.३१, रेटचा गुणांक ०.०२५, तापमानाचा घात १.०९. आधी हाताने एक बिंदू. आघाताचा वेग भागिले लांबी म्हणजे सरासरी स्ट्रेन रेट सेकंदाला ७०००. त्याने रेटचा गुणक १.२२ येतो. प्लास्टिक स्ट्रेन ०.५ धरला तर थंड धातूची ताकद ३२५ च्या आसपास, गुणकासह ३९७ मेगापास्कल. बेंचमार्कमधले ४०० कसे काय चालून जातात, ते इथे दिसतं: सावकाश ओढलेल्या तांब्याची यील्ड ती नव्हेच, या वेगाचा परिणाम त्यात मुरलेला आहे. वेग बदलला की तो आकडा जुना होईल.

उष्णताही आली. टेलर आणि क्विनी यांच्या १९३४ च्या मोजमापांपासून प्लास्टिक कामाचा बहुतांश भाग उष्णतेत जातो असं धरतात, मी ०.९ घेतला. दांडाभर सरासरी वाढ ६० केल्विन, पायथ्याच्या मध्यावर ४०० च्या घरात. तेवढ्याने तिथली ताकद एक तृतीयांशाहून जास्त घटते. त्रिज्या वाढली, लांबी जवळपास तीच.

११ एप्रिल

टेट्राहेड्रन (टेट), म्हणजे चार पृष्ठांचे एलिमेंट. गुंतागुंतीच्या भागाची मेश आपोआप हवी तर यांच्याशिवाय गत्यंतर नाही. एकरेषीय टेटला एकच बिंदू पुरतो, आवरग्लासचा प्रश्नच नाही, पण लॉकिंग आठ नोडांच्या एलिमेंटांपेक्षाही वाईट. साधे टेट घालून रन दिला: पायथा आखडलेला, दाबाचा नकाशा पुन्हा चट्ट्यापट्ट्यांचा. आता बॉनेट आणि बर्टन यांची १९९८ ची कल्पना घालतोय: आकारमानातला बदल एलिमेंटावर न मोजता नोडभोवतीच्या सगळ्या टेटांची बेरीज घेऊन मोजायचा, दाब त्यावरून काढायचा, शिअरचा भाग मात्र एलिमेंटातच ठेवायचा. आकारमानाच्या अटी एलिमेंटांच्या संख्येवरून नोडांच्या संख्येवर येतात, म्हणजे बऱ्याच कमी होतात.

नोडच्या दाबाने केलेलं काम कुठल्या एलिमेंटाच्या खात्यात टाकायचं, हे अजून ठरायचंय. तोवर दाब आणि शिअर यांची दोन वेगळी खाती उघडलीत आणि १ टक्क्याची अट दोघांच्या बेरजेवर ठेवलीय.